तळहाताच्या फोडासारखं जपलेलं अज्ञान

मुलाच्या मनात वर्णद्वेष रुजवायचा असेल तर आधी एक खुळचट समजूत डोक्यातून काढून टाका. त्यासाठी द्वेष लागतो, ही. द्वेष फार महागात पडतो. त्याला रोज खतपाणी घाला, आवाज चढवा, वेळप्रसंगी अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन ह्या वर्णद्वेष्ट्या टोळीसारखा पांढरा झगा आणि टोकदार टोपी शिवून घ्या, आणि एवढं करून कार्टं बंडखोर निघालं की सगळं मुसळ केरात. शहाणे आईबाप ह्या फंदात पडत नाहीत. ते मुलाला मायेनं वाढवतात, रात्री मांडीवर घेऊन वाचून दाखवतात, कुणाला टाकून बोलू नये असं बजावतात. फक्त काही दारांपर्यंत त्याला कधी नेत नाहीत. पुढचं मूल आपलं आपण करतं.

ह्या विद्येवरचं सर्वांत भरवशाचं हातपुस्तक माझ्या मते हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी. १९६० साली ती आली, १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९६२ साली तिच्यावर सिनेमा निघाला. एक लहान मुलगी जाणती कशी होते ह्याची ही गोष्ट वर्णद्वेषाविरुद्ध आहे अशी तिची ख्याती आहे, आणि असंख्य शाळांत ती त्याच कारणासाठी नेमली जाते. नेमू देत. तुम्ही ती पालकाच्या नजरेनं वाचा. अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, १९३० च्या दशकातली मंदी, आई नसलेली स्काउट, तिच्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ जेम, वकिली करणारे सज्जन वडील अ‍ॅटिकस फिंच, आणि स्वयंपाकघर सांभाळणारी कृष्णवर्णीय कॅलपर्निया. संगोपनाचा प्रयोग करायला ह्याहून चांगलं घर शोधून सापडायचं नाही.

कृतीकडे वळण्याआधी तयार पदार्थ कसा दिसतो ते पाहून घ्या. एकोणिसावं प्रकरण उघडा. टॉम रॉबिन्सन नावाचा काळा शेतमजूर साक्षीला उभा आहे. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ त्याच्यावर आलेला आहे. सरकारी वकील त्या बायकापोरं असलेल्या माणसाला ‘बॉय’ म्हणून ज्या सुरात हाक मारतोय, तो सूर ऐकून डिल, म्हणजे ह्या भावंडांचा सुट्टीतला सवंगडी, हुंदके द्यायला लागतो. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजूत घालते, की वकील असंच वागतात, आणि काही झालं तरी तो माणूस शेवटी काळाच ना.

ही तीच स्काउट, जिला आपण साठ-पासष्ट वर्षं डोक्यावर घेतलेलं आहे. तिचे वडील त्याच वेळी आत त्या माणसाच्या जिवासाठी झगडत आहेत. घरात कुणी कुणाचा द्वेष करत नाही. आणि सात-आठ वर्षांची ही गोड पोर, बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगावं तितक्या सहजपणे हे वाक्य बोलून मोकळी होते. तिला ते कुणी शिकवलं, ते पुस्तकभर शोधा. घरातला एकही माणूस सापडणार नाही. कारागिरी म्हणतात ती हीच.

डिलला मात्र रडू का आलं, हा प्रश्न पालकांनी गंभीरपणे घ्यायला हवा. तो काही कुठल्या पुढारलेल्या प्रांतातून आलेला नाही. तोही शेजारच्या मिसिसिपी राज्यातला. माझं निदान असं, की त्याला कुणी धड जपलेलंच नाही. आईबापांना नकोसा, सुट्टी लागली की मावशीकडे रवाना. जपणूक कमी पडली की मुलाला नको तिथं कणव येते. पण घाबरू नका. कोर्टाबाहेर भेटलेले डॉल्फस रेमंड नावाचे गृहस्थ त्याच प्रसंगात धीर देतात: थोडा मोठा होऊ द्या, मग त्याला असं मळमळायचं नाही, रडूही यायचं नाही. अनुभवी माणसाचा शब्द आहे.

आता कृती. पहिली सूचना ऐकून बुचकळ्यात पडाल. ज्यांच्याविषयी मुलाला काही कळू द्यायचं नाही, त्यांना लांब ठेवू नका. एका व्यक्तीला अगदी जवळ, घरात ठेवा. जिथं काळा माणूस नजरेलाच पडत नाही तिथलं मूल मोठेपणी कुतूहलानं प्रश्न विचारण्याचा धोका असतो. रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल कोण कशाला विचारील? कॅलपर्निया स्काउटला भरवते, रागावते, फटका देते, बायबलमधले उतारे उतरवायला लावून लिहायलाही शिकवते. आणि इतक्या वर्षांत स्काउटच्या मनात एकदाही येत नाही, की ही बाई संध्याकाळी घरी जाते म्हणजे कुठं जाते.

बारावं प्रकरण त्या दृष्टीनं धोक्याचं आहे. वडील गावाला गेलेले असताना कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते. तिथं एकाच सकाळी केवढं नुकसान होतं पाहा. मुलांना कळतं, की कॅलपर्निया आपल्या लोकांत वेगळ्या धाटणीचं इंग्रजी बोलते, म्हणजे तिला दोन जगं आहेत. कळतं, की तिथं भजनांची पुस्तकं नाहीत, कारण वाचता येणारी माणसं चारच; एकजण ओळ म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. कळतं, की गावातला कचरा उचलणारा झीबो हा तिचा थोरला मुलगा. त्याला पोरंबाळं आहेत, तीही अर्धीनिम्मी वाढलेली. म्हणजे कॅलपर्निया चांगली वयस्क असणार, हा साधा हिशेब. स्काउट कबूल करते, की हा हिशेब तिनं कधी केलाच नव्हता. मग मुलं तिला वय विचारतात, वाढदिवस विचारतात. खरा वाढदिवस तिला ठाऊक नाही. लक्षात ठेवायला सोपा म्हणून ती नाताळचा दिवस धरते.

कधी विचारच केला नव्हता. संगोपनशास्त्राचं सार ह्या चार शब्दांत आहे. खोटं सांगायचं नाही. खोटं पुढेमागे उघडं पडतं. न विचारलेला प्रश्न उघडा पडत नाही.

(त्याच चर्चमध्ये ल्यूला नावाची एक बाई उठून विचारते, की गोऱ्यांना त्यांचं चर्च आहे, आम्हाला आमचं, मग ही मुलं इथं कशाला? तिला उद्धट म्हणून पुढच्या पानावर जा. सगळ्यांनी तेच केलंय. ती असं का म्हणाली ह्याचा विचार करत थांबलात तर पुस्तक संपायचं नाही.)

तर असा अपघात झालाच, तर उपाय काय? उपाय म्हणजे आत्या. स्काउटनं चर्चमधून येताना कॅलपर्नियाला विचारलेलं असतं, मी तुझ्या घरी येऊ का? ती आनंदानं हो म्हणते. स्काउट वडिलांपुढे हा विषय काढते, आणि वडील तोंड उघडायच्या आत अलेक्झांड्रा आत्या सांगून टाकते, जायचं नाही. स्काउट उलटून बोलते, मग उद्धटपणाबद्दल माफी मागण्याचं नाट्य होतं, आणि ह्या गडबडीत मूळ प्रश्न कुठल्या कुठं जातो. आत्याला खलनायिका समजू नका. कुटुंबाची अब्रू, मुलीचं वळण, असल्या गोष्टींची काळजी करणारी ती एक साधी बाई आहे. प्रत्येक घराला अशी एक आत्या हवी. सज्जन बापाला मग नाही म्हणण्याची पाळीच येत नाही.

आता कुतूहलाचं काय करायचं ते सांगतो, कारण इथंच बरेच पालक चुकतात. ते कुतूहल मारायला जातात. मुलाचं कुतूहल मरत नसतं, त्याला फक्त वाट काढून द्यावी लागते. मेकॉम्बमध्ये ही वाट आळीतल्याच एका घराकडे जाते. त्या घरात बू रॅडली हा गोरा माणूस वर्षानुवर्षं बाहेर न पडता राहतोय. मुलांनी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून तो साडेसहा फूट उंच आहे, कच्च्या खारी आणि मांजरं खातो, वगैरे. अज्ञानातून राक्षस कसा तयार होतो ह्याचं हे उदाहरण शिक्षक वर्गात हमखास देतात. आणि पुढं सांगतात, की ओळख झाल्यावर राक्षसाचा माणूस होतो.

खरं आहे. पण त्यासाठी किती खटाटोप झाला तो मोजा. पळत जाऊन भिंतीला हात लावण्याची पैज, मासे पकडायच्या काठीला चिठ्ठी अडकवून खिडकीत सारणं, रात्री कुंपणाखालून सरपटत जाणं, बंदुकीचा बार ऐकून पळताना जेमची पँट तारेत अडकणं. ह्या एका घरापायी मुलं उन्हाळेच्या उन्हाळे घालवतात. आणि जिच्या हातचं रोज खातात तिच्या घराबद्दल एक प्रश्न, एकदा. गोऱ्याच्या बंद दारामागं रहस्य असतं. काळ्यांची वस्ती गावाच्या उकिरड्याच्याही पलीकडे असते, आणि तिथं काही रहस्य असेल असं कुणाला वाटत नाही. कुतूहलाला असं कुंपण घालता आलं, की मूल हुशार, धाडसी, चौकस वाढतं आणि तुम्हाला हवं तेवढं अडाणीही राहतं. मी स्वतः हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा रॅडलींच्या झाडाच्या ढोलीत मुलांना काय काय सापडलं ह्याची यादी मला पाठ होती: च्युइंगम, दोन जुनी नाणी, साबणाच्या बाहुल्या, घड्याळ. हेलन कोण, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. (टॉमची बायको.)

भाषेबाबत मात्र कडक राहा. स्काउट शाळेतून काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द उचलून आणते तेव्हा अ‍ॅटिकस तिला लगेच थांबवतात. कारण काय देतात? तो शब्द हलका आहे, चांगल्या घरात शोभत नाही. वा! मुलीला कळतं, की चूक उच्चारात आहे. तिनं शब्द बदलला आणि त्या शब्दामागची सगळी मांडणी जशीच्या तशी ठेवली, तर ती सुसंस्कृत ठरते. मघाचं कोर्टाबाहेरचं वाक्य आठवा. त्यात तिनं तो शब्द वापरलेला नाही. त्या काळचा सभ्य शब्द वापरलाय. वडिलांचा संस्कार फुकट गेला असं कोण म्हणेल?

शाळेची फार चिंता करू नका, ती आपलं काम चोख करते. मिस गेट्स नावाच्या बाई वर्गाला हिटलरबद्दल सांगतात. तो ज्यूंचा छळ करतो, आपल्याकडे मात्र लोकशाही, आपण कुणाचा छळ करत नाही, मनात पूर्वग्रह असलेली माणसंच असं करतात, वगैरे. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लोकशाही’. स्काउटला आठवतं, की खटल्याच्या रात्री कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ह्याच बाई म्हणत होत्या, बरं झालं, ह्या लोकांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता. ती गोंधळून जेमला विचारायला जाते, आणि जेम तिच्या अंगावर ओरडतो, की त्या कोर्टाचं नाव पुन्हा काढू नकोस. मोठा भाऊ लवकर शिकला.

मी हे सगळं तिरकस लिहितोय म्हणून कुणी मला अतिशयोक्तीचा दोष देईल. पण ह्या क्षेत्रात माझ्याआधी फार तयारीची माणसं होऊन गेली. ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ह्या दक्षिणेतल्या स्त्रियांच्या संघटनेतल्या मिल्ड्रेड रदरफर्ड ह्यांनी १९२० च्या सुमारास शाळा आणि ग्रंथालयांसाठी पाठ्यपुस्तकं पारखण्याची एक मोजपट्टीच छापली. गुलामांचे मालक क्रूर किंवा अन्यायी होते असं म्हणणारं पुस्तक नाकारा. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी झालं असं म्हणणारं पुस्तक नाकारा. ग्रंथालयात असं पुस्तक आधीच असेल तर त्याच्या शीर्षकाच्या पानावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारं’ असा शेरा लिहा. उपरोध करणाऱ्यानं ह्यापुढे काय लिहायचं? आणि शाळेबाहेर कुणी कुणाशी खेळायला लागलं तर? त्याचीही सोय होती. अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरानं १९३० साली नियम केला, की काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र पत्ते, फासे, डॉमिनोज किंवा चेकर्स खेळायचं नाही. मुलं निरागस असतात, त्यांना भेद कळत नाही, असं आपण म्हणतो. त्यांना तो कळावा म्हणून मोठ्यांनी किती कागद काळे केले हे एकदा पाहायला हवं.

दयाबुद्धीचाही विकास व्हायला हवा, नाहीतर मूल कोरडं निघतं. त्यासाठी दूरचा प्रदेश निवडा. मेकॉम्बच्या मिशनरी मंडळातल्या बायका दूरच्या जंगलातल्या मृणा नावाच्या जमातीच्या हालअपेष्टा ऐकून कॉफीच्या कपात अश्रू ढाळतात. अश्रू पुसून झाले, की त्यांतल्याच मिसेस मेरीवेदर तक्रार करतात, की खटल्यापासून घरातली काळी मोलकरीण तोंड पाडून फिरते, शेवटी तिला सांगावं लागलं, की येशू कधी असा कुरकुरत फिरत नव्हता. जितकं दूर तितकं प्रेम, हे प्रमाण बिघडू देऊ नका.

इतकं सगळं नीट केलंत, तरी एक दिवस मूल कोर्टात जाऊन बसणारच. जेम बसतो. काळ्यांसाठीच्या गॅलरीत, कॅलपर्नियाच्या चर्चचे रेव्हरंड साइक्स ह्यांच्या शेजारी. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालाय, आणि आळ घेणाऱ्या मुलीला मारलं आहे ते डावखुऱ्या माणसानं. पुरावा इतका स्वच्छ, की जेमला निकालाची खात्रीच वाटते. साइक्स त्याला हळूच सांगतात, एवढी खात्री बाळगू नकोस. गोऱ्याच्या विरोधात काळ्याच्या बाजूनं निकाल देणारी ज्युरी मी आजवर पाहिलेली नाही. निकाल लागतो आणि जेम रडतो. वाचकही रडतात. गॅलरीतली बाकीची माणसं रडतात का, हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाचा भ्रमनिरास झालेला नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. १९३१ साली ह्याच राज्यात स्कॉट्सबरोला नऊ काळ्या पोरांवर असाच आळ आला होता, आणि गोऱ्यांच्या ज्युरींनी काही दिवसांतच त्यांतल्या आठांना मृत्युदंड ठोठावला. त्या पोरांपैकी सर्वांत धाकटी जेमच्याच वयाची होती. धक्का बसणं ही सुद्धा एक चैन आहे. ती मुलाला मिळेल इतकी तजवीज पालकांनी करून ठेवलेली असते.

टॉमच्या मुलांसाठी अशी तजवीज नव्हती. तुरुंगातून पळताना टॉम मारला जातो, त्याच्या अंगावर गोळ्यांच्या सतरा जखमा. अ‍ॅटिकस आणि कॅलपर्निया ही बातमी द्यायला त्याच्या घरी जातात. अंगणात पोरं गोट्या खेळत असतात. हेलन ह्यांचे चेहरे पाहते आणि कुणी काही सांगायच्या आतच कोसळते. मुलं बघत असतात. त्यांची जाणतं होण्याची कादंबरी लिहायला कुणाला तीनशे पानं लागायची नाहीत. ती त्या अंगणात अर्ध्या मिनिटात झाली. अशी गोष्ट शाळेत नेमता येत नाही. तिच्यात निरागसपणा गमावण्याचं हळवं दुःख नसतं, कारण गमवायला तो आधी कुणी द्यावा लागतो.

आता तुमच्याविषयी. इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही चांगले वाचक आहात, अशा वाचकांसाठी शेवटची काळजी घ्यावी लागते. ही कादंबरी मिटताना तुम्ही अ‍ॅटिकसच्या बाजूचे असता. सगळेच असतात. टॉमला दोषी ठरवणाऱ्या बारा जणांपैकी एकाच्याही बाजूचा वाचक मला अजून भेटलेला नाही, मग ते बारा कुठून आले कोण जाणे. हा आनंद टिकवायचा असेल तर २०१५ साली प्रसिद्ध झालेलं ‘गो सेट अ वॉचमन’ हे लीबाईंचं आधीचं हस्तलिखित वाचू नका. त्यात सव्वीस वर्षांची स्काउट न्यूयॉर्कहून घरी येते, आणि त्याच कोर्टात, त्याच गॅलरीतून खाली पाहते, तर वडील गोऱ्यांच्या वर्चस्वाची राखण करणाऱ्यांच्या सभेत बसलेले. पुस्तक आलं तेव्हा वाचकांनी केवढा आकांत केला! काहींनी आपल्या मुलांची नावं अ‍ॅटिकस ठेवली होती, त्यांची तर फारच पंचाईत झाली. आमचे अ‍ॅटिकस असे नव्हतेच, असं लोक म्हणत होते. ते कसे होते हे त्यांना कुठून कळलं होतं? सात-आठ वर्षांच्या, फार मायेनं जपलेल्या एका मुलीकडून.

म्हणून जुनीच कादंबरी पुन्हा वाचा, आणि वाचताना एक गंमत करून पाहा. गावातल्या गोऱ्या माणसांची नावं आठवा: फिंच, रॅडली, यूएल, कनिंगहॅम, क्रॉफर्ड, अ‍ॅटकिन्सन, ड्यूबोज. भराभर येतील. मग कॅलपर्नियाचं आडनाव आठवा. आठवत नसेल तर शोधा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलंत तरी हरकत नाही, तेवढाच वेळ चांगला जाईल. ते तिथं कुठंच दिलेलं नाही.